आमची जात पडताळता, तुमच्या संचालक मंडळाची कधी पडताळणार?

आपल्या पोराला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल तर जातीचा दाखला लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर पडताळणी समितीपुढे उभे राहावे लागते. तिथे आजोबांच्या शाळेचा उतारा, 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा, चुलत्याचा दाखला, सगळे द्यावे लागते. एक कागद कमी पडला तर वर्ष वाया जाते. चार हजारांच्या शिष्यवृत्तीसाठी तीन पिढ्या मागे जाऊन आम्ही कोण आहोत ते सिद्ध करायचे, आणि अब्जावधी डॉलर कोणत्या रोगावर, कोणत्या देशात, कोणाच्या दंडावर खर्च करायचे हे ठरवणाऱ्या माणसांना मात्र कोणी विचारायचे नाही की बाबांनो, तुम्ही आलात कुठून?

आम्ही विचारणार आहोत. समोर जगातल्या सर्वात श्रीमंत आरोग्य-धर्मादाय संस्थांपैकी एक ठेवू, म्हणजे गेट्स फाउंडेशन. 2000 साली स्थापन झालेली ही संस्था आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वात मोठ्या दोन-तीन देणगीदारांपैकी एक आहे. अनेक देशांची सरकारे जेवढा शब्द टाकू शकत नाहीत तेवढा ती टाकते. लस, पोलिओ, क्षयरोग, एड्स, शौचालय, बाळंतपण असे क्वचितच एखादे क्षेत्र असेल जिथे तिचा पैसा नाही. मे 2025 मध्ये बिल गेट्स यांनी जाहीर केले की पुढच्या वीस वर्षांत 200 अब्ज डॉलर खर्च करून 2045 च्या अखेरीस संस्था बंद करू.

एवढ्या मोठ्या संस्थेचे विश्वस्त 2021 पर्यंत किती होते? तीन. नवरा, बायको आणि त्यांचे स्नेही वॉरन बफे. आपल्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या समितीवर सुद्धा सात-नऊ माणसे असतात, आणि त्यांच्यात वर्षातून दोनदा हिशेबावरून भांडण होते! इथे तीन माणसे अर्ध्या जगाच्या आरोग्याचे अग्रक्रम ठरवत होती. 2021 मध्ये बफे बाहेर पडले, गेट्स दाम्पत्याचा घटस्फोट झाला, तेव्हा कुठे मंडळ वाढवायचे ठरले.

2022 मध्ये नवे विश्वस्त जाहीर झाले. ते कोण, हे तरुण कार्यकर्त्यांनी नीट वाचावे. मिनूश शफिक : जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, बँक ऑफ इंग्लंडच्या उपगव्हर्नर, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रमुख. टॉम टिअर्नी : बेन अँड कंपनी या व्यवस्थापन सल्लागार कंपनीचे माजी प्रमुख. स्ट्राइव्ह मासियिवा : झिम्बाब्वेतून उभे राहिलेले दूरसंचार उद्योजक, नेटफ्लिक्सच्या संचालक मंडळावर. त्याच वर्षी पुढे आणखी दोघे आले. एक हेलीन गेल, साथरोगतज्ज्ञ, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या आणि 2013 पासून कोका-कोलाच्या संचालक. दुसरे आपले आशिष धवन : येल, हार्वर्ड, गोल्डमन सॅक्स, मग क्रिसकॅपिटल ही गुंतवणूक कंपनी, मग सेंट्रल स्क्वेअर फाउंडेशन आणि अशोका विद्यापीठ.

यांतल्या कोणाच्या कर्तबगारीवर आम्हाला शिंतोडे उडवायचे नाहीत. मासियिवा मुगाबे सरकारविरुद्ध न्यायालयात लढले आणि फोनचा परवाना मिळवला, ही साधी गोष्ट नाही. हेलीन गेल तर कृष्णवर्णीय डॉक्टर; त्या खुर्चीपर्यंत एक कृष्णवर्णीय स्त्री पोचते त्यामागे तिच्या समाजाच्या दीडशे वर्षांच्या लढ्याचे बळ आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण यादी पुन्हा वाचा. बँक, सल्लागार कंपनी, दूरसंचार, गुंतवणूक निधी, शीतपेय. आजार जवळून पाहिलेली एक व्यक्ती, आणि तीही कोका-कोलाच्या टेबलावरून उठून येणारी. (कोका-कोला म्हटले की आम्हाला केरळातले प्लाचीमडा आठवते. तिथल्या आदिवासी बायांनी मायिलम्माच्या पुढाकाराने पाण्यासाठी कारखान्याच्या दारात ठाण मांडले होते. 2004 मध्ये तो कारखाना बंद पडला. साखरपाणी विकणाऱ्या कंपनीचे संचालकपद आणि आरोग्य संस्थेचे विश्वस्तपद एकाच माणसाच्या खिशात राहू शकते, याचे त्या वर्तुळात कोणाला काही वाटत नाही, इतकेच नोंदवून पुढे जाऊ.)

हे फक्त गेट्सचे नाही. ग्लोबल हेल्थ 50/50 या गटाने 2022 मध्ये जागतिक आरोग्यातल्या 146 संस्थांच्या 2,014 संचालकपदांची मोजणी केली. दर चारपैकी तीन खुर्च्यांवर श्रीमंत देशांचे नागरिक निघाले. गरीब म्हणून वर्गवारी झालेल्या देशांच्या वाट्याला अडीच टक्के आणि त्या देशांतल्या स्त्रियांच्या वाट्याला एक टक्का. दोन हजारांत सतरा बाया! ज्यांच्या बाळंतपणावर, ज्यांच्या मुलांच्या लसीवर या संस्थांचे अहवाल छापले जातात, त्यांच्यातल्या सतरा.

तरीही आमचे समाधान या मोजणीने होत नाही. तिने लिंग मोजले, देश मोजला, पण जातीचा रकाना तिच्यात नाही. आणि आमचा खरा झगडा इथूनच सुरू होतो. उद्या सगळ्या जागतिक संस्थांनी ठरवले की भारताला दहा टक्के जागा देऊ, तर त्या जागांवर कोण जाईल? या प्रश्नाचे उत्तर ज्याला येत नाही त्याने भारतातल्या कंपन्यांच्या संचालक मंडळांकडे पाहावे, कारण अशा विश्वस्तांची भरती त्याच गोतावळ्यातून होते. 2012 मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये एक अभ्यास आला. देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांचे 9,052 संचालक तपासले. सुमारे 93 टक्के तथाकथित उच्च जातींचे. त्यातही बहुतेक सगळे वैश्य आणि ब्राह्मण. ओबीसी 3.8 टक्के. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून 3.5 टक्के. ज्या विहिरीत हेच पाणी आहे तिथे वॉशिंग्टनहून पोहरा सोडा नाहीतर सिएटलहून, वर तेच येणार.

जगाच्या दृष्टीने असा माणूस 'विकसनशील देशाचा प्रतिनिधी' असतो. लंडनच्या सभेत तो भारतीय, सावळा, वसाहतवादाने पोळलेला. आपल्या दृष्टीने तो कोण असतो? गोऱ्यांच्या टेबलावर वंशवादाविरुद्ध बोलायचे आणि घरच्या उंबऱ्यावर जातीबद्दल मिठाची गुळणी धरायची, ही कसरत आपल्याकडच्या सवर्ण अभिजनांना शंभर वर्षे जमत आली आहे. आम्ही कोणा एका विश्वस्ताची जात विचारत नाही. आमचा प्रश्न मंडळाला आहे : तुमच्या ओळखपत्रात विद्यापीठ आहे, कंपनी आहे, पुरस्कार आहे; मग ज्या देशात माणसाचे आयुर्मान जातीवर ठरते तिथे काम करताना जात तेवढी गाळता कशी?

हो, आयुर्मान जातीवर ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या 2018 च्या अहवालात भारतातली दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा सरासरी 14.6 वर्षे आधी मरते असे नोंदले आहे. ही साडेचौदा वर्षे कुठल्या विषाणूने खाल्ली? या विषाणूवर लस नाही आणि त्याच्यासाठी अनुदानाचा वेगळा कप्पाही नाही.

इथे कोणी म्हणेल, मंडळावर कोण बसले याने काय फरक पडतो, काम तर चांगले होते ना? फरक पडतो. दोन उदाहरणे देतो.

2009 मध्ये पाथ या अमेरिकी आरोग्य संस्थेने गेट्सच्या पैशातून, आयसीएमआर आणि राज्य सरकारांना सोबत घेऊन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीचा प्रकल्प चालवला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम जिल्हा आणि गुजरातमधला वडोदरा जिल्हा. दहा ते चौदा वर्षांच्या मुली. खम्मममध्ये मोठ्या संख्येने आदिवासी, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुली दगावल्या. सरकारी चौकशीने मृत्यूंचा लसीशी संबंध नाही असे सांगितले, आणि ते आम्ही इथे मुद्दाम लिहितो, कारण लसीविरुद्ध अफवा पसरवणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही. ही लस उपयोगी आहे, आपल्या मुलींना ती मिळालीच पाहिजे. पण संमतीचे काय झाले? आंध्रातले 9,543 अर्ज तपासले तेव्हा 2,763 अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. 1,948 अर्जांवर नुसते अंगठे. आई-बाप डोंगरावर, मुलगी आश्रमशाळेत, आणि तिच्या देहावरचा अधिकार वॉर्डनच्या पेनात. 2010 च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने 72 व्या अहवालात पाथवर कडक ताशेरे ओढले आणि हा सगळा खटाटोप लस बनवणाऱ्या कंपन्यांच्या व्यापारी हितासाठी होता असा ठपका ठेवला. पाथने तो नाकारला.

आता पार्श्वभूमी पाहा. गेट्स फाउंडेशनच्या जागतिक आरोग्य विभागाचे त्या वेळचे प्रमुख ताडाताका यामादा 2006 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनमधून आले होते; तिथे ते संशोधन विभागाचे प्रमुख होते. प्रकल्पात वापरलेल्या दोन लसींपैकी एक त्याच कंपनीची. यामादांच्या जागी पुढे आलेले ट्रेव्हर मंडेल नोव्हार्टिसमधून आले. आम्ही इथे कट शोधत नाही. कटाची गरजच नसते. औषध कंपनीत आयुष्य घालवलेल्या माणसाला लस दिसते, साठवणुकीची शीतसाखळी दिसते, किती डोस गेले तो आकडा दिसतो. वॉर्डनची सही त्याला सही दिसते. आश्रमशाळेत शिकलेली एक बाई त्या टेबलावर असती तर तिला तो कागद पाहताच कळले असते की हा वॉर्डन कोण, त्याला 'नाही' म्हणणाऱ्या पोरीचे दुसऱ्या दिवशी काय होते, आणि ही संमती का नव्हे. हे ज्ञान हार्वर्डमध्ये मिळत नाही. याला गुणवत्ता म्हणत नसतील तर गुणवत्तेची व्याख्या तपासायला हवी.

दुसरे उदाहरण शौचालयाचे. 24 सप्टेंबर 2019 रोजी न्यूयॉर्कमध्ये बिल गेट्स यांनी स्वच्छ भारत अभियानासाठी नरेंद्र मोदींना पुरस्कार दिला. दुसऱ्या दिवशी, 25 सप्टेंबरला, मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात दोन दलित लेकरांना उघड्यावर शौचाला बसले म्हणून काठ्यांनी ठार मारले. मध्य प्रदेश तेव्हा कागदोपत्री हागणदारीमुक्त होता. त्या लेकरांच्या घरी संडास नव्हता. पुरस्कार देणाऱ्यांनी संडास मोजले. संडास कोणाच्या दारात पोचला नाही, तो भरल्यावर साफ कोण करणार, गटारात उतरून गुदमरून मरणारे कोणत्या जातीचे, हे मोजले नाही. तेव्हा मंडळावर तीनच माणसे होती. सफाई कामगाराची एखादी लेक तिथे असती तर तो पुरस्कार एकमताने दिला गेला असता का?

आता नेहमीचा प्रश्न : पैसा त्यांचा, मग मंडळही त्यांचेच असणार ना?

मित्रहो, हे वाक्य नवे नाही. आपल्या चळवळीने ते 1932 मध्ये ऐकले आहे. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला आणि आठवडाभरात, 30 सप्टेंबरला, मुंबईत अस्पृश्यता निवारणाचा संघ निघाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ. अध्यक्ष कोण? घनश्यामदास बिर्ला. चिटणीस अमृतलाल ठक्कर. सुरुवातीला मध्यवर्ती मंडळावर बाबासाहेबही होते. 14 नोव्हेंबर 1932 रोजी, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिले. दवाखाने, शिष्यवृत्त्या, ग्रंथालये याने चार होतकरू माणसे वर येतील, पण समाजाची स्थिती बदलणार नाही. पाणवठा, शाळा, रस्ता यांवरच्या नागरी हक्कांसाठी लढा उभारा, रोजगाराची दारे उघडा, आणि काम करणारी माणसे अस्पृश्यांतूनच घ्या, असा त्या पत्राचा रोख होता. पत्राला उत्तर आले नाही. बाबासाहेब बाहेर पडले. पुढे अस्पृश्यांनी मंडळावर जागा मागितली तेव्हा गांधीजींनी काय सांगितले, ते बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे : हा संघ म्हणजे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, पैसा सवर्णांनी दिला आहे, तेव्हा कारभार सवर्णच पाहतील.

नव्वद वर्षांनी तोच युक्तिवाद डॉलरमध्ये ऐकू येतो. फक्त प्रायश्चित्ताच्या जागी परोपकार आला आणि बिर्लांच्या जागी गुंतवणूक निधी.

पण तेव्हाही पैसा निव्वळ त्यांचा नव्हता आणि आजही नाही. अमेरिकेत अशा खासगी प्रतिष्ठानात घातलेल्या पैशाला करात मोठी सूट मिळते. कायद्याने त्यांनी वर्षाला साधारण पाच टक्के खर्च करायचे. उरलेला पैसा बाजारात गुंतलेला राहतो. 2007 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने दाखवून दिले की नायजर खोऱ्यात ज्या मुलांना गेट्सच्या पैशातून लस मिळत होती, त्यांच्या डोक्यावर धूर ओकणाऱ्या तेल कंपन्यांतही गेट्सचाच पैसा होता. सरकारच्या तिजोरीत जाणारा कर वाचवून उभा राहिलेला पैसा हा जनतेचाही पैसा आहे. आपल्याकडे तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 ने ठरावीक कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारकच केले आहे. कायद्याने बंधनकारक असलेला खर्च दान कसा? आणि दान नसेल तर त्यावर निर्णय घेणाऱ्या खुर्चीत प्रतिनिधित्व मागण्याचा आमचा हक्क भीक कसा?

'आम्ही स्थानिक लोकांचे मत घेतो, सल्लागार गट आहेत, फील्डवर जातो' हे उत्तरही आम्हाला ठाऊक आहे. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी याचा निकाल लावला होता. मतांचे प्रतिनिधित्व पुरे नाही, माणसांचे हवे. आमचे म्हणणे दुसरा कोणी चांगले मांडतो म्हणून आमची खुर्ची त्याला देता येत नाही. सल्लागार गटात आमची माणसे आणि मतदानाच्या मंडळात तुमची, ही गावकुसाबाहेरची नवी आखणी आहे.

आणि हे अशक्य आहे असेही कोणी सांगू नये. 1983 मध्ये अमेरिकेत डेन्व्हर इथे एड्स झालेल्या माणसांनी, मरण समोर दिसत असताना, जाहीरनामा काढला आणि सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर जागा मागितल्या. त्या मागणीच्या जोरावर ग्लोबल फंडच्या मंडळात आज एड्स, क्षयरोग आणि हिवताप भोगणाऱ्या समुदायांना मतदानाची स्वतंत्र जागा आहे. एकच आहे, पण आहे, आणि ती भांडून घेतलेली आहे.

आपल्या सांगलीचे पाहा. देहविक्री करणाऱ्या बायांनी, ज्यांच्यात देवदासी प्रथेने ओढल्या गेलेल्या आपल्याच लेकी-बहिणी आहेत, 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही स्वतःची संघटना उभारली. निरोध वाटण्यापासून पोलिसांशी भांडण्यापर्यंत सगळे त्यांनीच केले. 2005 मध्ये अमेरिकी सरकारच्या मदतीसाठी वेश्याव्यवसायविरोधी शपथपत्रावर सही मागितली गेली, तेव्हा त्यांच्या सोबतच्या संग्राम संस्थेने तो पैसा नाकारला. त्याच काळात महाराष्ट्रासह सहा राज्यांत गेट्सच्या पैशातून 'आवाहन' हा एड्सविरोधी कार्यक्रम चालू होता. त्याचे नेतृत्व मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतून आलेल्या अशोक अलेक्झांडर यांच्याकडे होते. ते आपल्या राज्याचे माजी राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचे चिरंजीव. त्यांच्या कार्यक्रमाने काम केले नाही असे आम्ही म्हणत नाही. दोन पार्श्वभूमी शेजारी ठेवून बघा एवढेच म्हणतो : एकीकडे मॅकिन्झी आणि राजभवन, दुसरीकडे गोकुळनगरची गल्ली. सहीसाठी आलेला कागद परत पाठवण्याची हिंमत गल्लीकडे होती.

तेव्हा ज्यांना यावर काही करायचे आहे त्यांनी आपल्या तालुक्यापासून सुरुवात करावी. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत, वस्तीत कोणत्या संस्थेचे आरोग्य प्रकल्प चालू आहेत ते पाहा. फलकावर देणगीदाराचे नाव असते. संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतात. सार्वजनिक न्यास असेल तर विश्वस्तांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परिशिष्ट एकवर असते. नावांपुढे शिक्षण, आधीची नोकरी, इतर कोणत्या कंपन्यांवर संचालक आहेत ते लिहा. मग संस्थेला पत्र लिहा : ज्यांच्यासाठी हा प्रकल्प आहे त्यांच्यातले मंडळावर मतदानाच्या अधिकारासह किती आहेत? अनुसूचित जाती-जमातींचे किती, भटक्या-विमुक्तांचे किती, त्यात स्त्रिया किती? पत्राची पोच घ्या. उत्तर आले नाही, तर किती दिवस आले नाही तेही तारखेसह लिहून ठेवा.

जय भीम.